कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटं? घोडं कुठे पेंड खातंय ते आधी शोधा

घरचा कॉम्प्युटर फार सावकाश सुरू होतो म्हणून इंदुरात कुठल्याही दुकानात डबा नेला, की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘भिया, फॉर्मेट मार देते हैं, मक्खन चलेगा.’ आणि चालतोही, महिना-दोन महिने. मग प्रिंटर परत जोडला जातो, मुलांचे गेम परत येतात, बाबांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर परत टाकलं जातं, आणि पुन्हा नमनालाच घडाभर तेल. फॉर्मॅट मारण्यात पैसे जातात ते जातातच, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे डाउनलोड्समध्ये पडलेले लग्नाचे फोटो आणि टॅलीचा डेटा जातो. दुखणं मात्र तिथेच राहतं, कारण ते कुठे आहे हे कोणी पाहिलेलंच नसतं.

‘सुरू होणं’ ही एक गोष्ट नाही. त्यात तीन वेगवेगळे टप्पे आहेत आणि प्रत्येकाचा गुन्हेगार वेगळा आहे. कुठला टप्पा रेंगाळतोय हे कळलं की अर्धं काम झालं. ते कळायला ना इंजिनिअर लागतो, ना पैसा. मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. इथे जे लिहिलंय ते विंडोज 10 आणि 11 साठी आहे, आपल्याकडे घराघरांत तेच असतं म्हणून.

आधी मोजा

कॉम्प्युटर ‘शट डाउन’ करा, मिनिटभर थांबा, स्टॉपवॉच हातात घेऊन बटण दाबा. तीन वेगवेगळ्या वेळा नोंदवायच्या.

पहिली वेळ: बटण दाबल्यापासून पडद्यावर विंडोजचे ठिपके गोल फिरायला लागेपर्यंत. या काळात विंडोजचा अजून पत्ताच नसतो. मदरबोर्डवरचा बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम, रॅम, डिस्क, कीबोर्ड, यूएसबीला काय काय लटकवलंय ते तपासत असतो.

दुसरी वेळ: ठिपके फिरायला लागल्यापासून पासवर्ड किंवा पिन मागेपर्यंत. इथे विंडोज स्वतः, त्याचे ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि सर्व्हिसेस (मागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम) डिस्कवरून उचलल्या जातात.

तिसरी वेळ: पिन टाकल्यापासून खरोखर काम करता येईपर्यंत. डेस्कटॉप दिसला म्हणजे संपलं असं नाही. ब्राउझरवर क्लिक करा आणि एखादं पान पूर्ण उघडेपर्यंत घड्याळ चालू ठेवा. लोक ज्याला ‘कॉम्प्युटर उघडत नाही’ म्हणतात ते बहुतेक वेळा याच टप्प्यात असतं.

मग हाच प्रयोग ‘रीस्टार्ट’ करून पुन्हा करा. याला कारण आहे. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. त्यात शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर एका फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. म्हणून ‘रोज रात्री बंद करतो हो’ म्हणणाऱ्यांच्या टास्क मॅनेजरमध्ये (तो कसा उघडायचा ते पुढे आहे) सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, बारा-पंधरा दिवसांचा दिसतो. आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी रीस्टार्ट करायची सवय लावली तर काही घरांत एवढ्यानेच फरक पडतो.

शट डाउननंतर सुरू व्हायला वेळ आणि रीस्टार्टनंतर मात्र झटपट, असं उलटं चित्र दिसलं तर फास्ट स्टार्टअप आणि एखादा ड्रायव्हर यांचं जमत नाही असं समजा. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा आणि परत मोजा. फरक नाही पडला तर खूण पुन्हा लावून द्या.

आकड्यांचा अंदाज असा ठेवा. एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली नव्या पद्धतीची डिस्क, असलेल्या साध्या घरगुती मशीनला तिन्ही टप्पे मिळून अर्धा-पाऊण मिनिट पुरायला हवं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर दीड-दोन मिनिटं लागली तर तो तिचा धर्म आहे, बिघाड नव्हे. त्यापुढे मात्र काहीतरी अडतंय.

पहिला टप्पा लांबतोय

टास्क मॅनेजर उघडा: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. विंडोज 10 मध्ये लहानशी खिडकी आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’ दाबा. ‘स्टार्टअप ॲप्स’च्या (विंडोज 10 मध्ये नुसतं ‘स्टार्टअप’) पानावर वर उजव्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ असा आकडा सेकंदांत असतो. फार जुन्या मदरबोर्डवर तो दिसत नाही, तिथे स्टॉपवॉचच खरं. पाच-दहा-पंधरा सेकंद ठीक. पंचवीस-तीसच्या पुढे गेला तर विंडोजला दोष देऊ नका. तिथे फॉर्मॅट मारणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

सगळ्यात आधी मागची-पुढची यूएसबीची जत्रा काढा: पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर, प्रिंटर. फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवा आणि मोजा. आकडा धाडकन खाली आला तर एकेक परत लावत जा, चोर सापडतो.

आमच्या एका काकांच्या स्नेहलतागंजमधल्या डेस्कटॉपवर हा टप्पाच जवळजवळ मिनिटभराचा होता. मागे एक बाहेरची हार्ड डिस्क कायमची खोचलेली, तिच्यात पुतण्याच्या लग्नाचं शूटिंग, आणि रोज सकाळी काळ्या पडद्यावर ‘एफ-1 दाबा’ असा इंग्रजी मजकूर. काका तो इमानेइतबारे दाबत होते, कारण कॉम्प्युटर असाच सुरू होतो अशी त्यांची समजूत. तारीखही दरवेळी काही वर्षं मागे जायची, आणि तारीख चुकीची असली की बँकेच्या साइट्स ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. एफ-1 आणि तारीख, ही दोन्ही दुखणी मदरबोर्डवरच्या एका सेलमुळे. रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, तीन व्होल्टचा, त्यावर ‘सीआर 2032’ लिहिलेलं असतं. घड्याळजीकडेही मिळतो. प्लग काढून ठेवा, जुना सेल अलगद उचला, नवा तसाच बसवा, मजकुराची बाजू वर. मग बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ नीट करा. बायोस उघडायला चालू होताना डिलीट किंवा एफ-2 दाबत राहावं लागतं, काही कंपन्यांत एफ-10.

बायोसमध्ये शिरलातच तर दोन गोष्टी बघा. बूटच्या क्रमात विंडोजची डिस्क पहिली आहे ना. ‘नेटवर्क बूट’ किंवा ‘पीएक्सई’ चालू असून क्रमात वर असेल तर ते बंद करा, कारण घरात कुठलाही सर्व्हर नसताना मशीन तो शोधत बसतं. ‘फास्ट बूट’ असेल तर चालू करून पाहायला हरकत नाही. बाकी काहीही चाळवू नका. विशेषतः साटा (डिस्क जोडायची पद्धत) मोड, म्हणजे ‘एएचसीआय’ वगैरे, बदललात तर विंडोज उघडणारच नाही.

आणखी एक सावधगिरी. विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये बदल केल्यावर ती अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की मागू शकते. मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात ती साठवलेली असते. बायोसला हात लावण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या. नंतर शोधायला गेलात तर खात्याचा पासवर्ड आठवत नाही, हा अनुभव घरोघरी सारखाच.

ठिपके फिरत राहतात

दुसऱ्या टप्प्यात संशयित दोनच: डिस्क किंवा ड्रायव्हर. त्यांतला कोण हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग यादीतून 4. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर उचलतं. तिथे झटपट उघडलं तर दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा सर्व्हिसचा. तिथेही तसंच रेंगाळलं तर डिस्ककडे बोट दाखवा.

ठिपके संपल्यावर काळा पडदा आणि त्यावर नुसता बाण, असं बराच वेळ दिसत असेल तर पहिला संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर घ्या. तो लॅपटॉपच्या किंवा ग्राफिक्स कार्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यावा. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट’ म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. ती स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

विंडोज स्वतःही याची नोंद ठेवतं, फक्त ती वही कोणी उघडत नाही. स्टार्टवर उजवं क्लिक करून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल, असं एकात एक उघडत जा. इथे 100 क्रमांकाची नोंद म्हणजे एका वेळच्या सुरुवातीला लागलेला एकूण वेळ, मिलिसेकंदांत. हजाराने भागा, सेकंद मिळाले. 101 म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने उशीर केला, 102 म्हणजे ड्रायव्हरने, 103 म्हणजे सर्व्हिसने, आणि नाव तिथेच लिहिलेलं असतं. चार-पाच दिवसांच्या नोंदी चाळा. तेच नाव पुन्हा पुन्हा दिसलं तर पुरावा हातात आला.

अचानक वीज गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा वेळ लागला तर घाबरू नका, विंडोज डिस्क तपासत असेल. हे वारंवार होत असेल तर मात्र यूपीएसची बॅटरी बघा. दिवा गेल्याबरोबर कॉम्प्युटरही गेला तर तो यूपीएस नुसता शोभेचा. जुन्या हार्ड डिस्कला असले झटके मानवत नाहीत.

डिस्क: इथे थांबून नीट बघा

माझं स्पष्ट मत सांगतो. दहा वर्षांपूर्वीच्या आसपास घेतलेला डेस्कटॉप असेल आणि त्यात मूळची हार्ड डिस्क असेल, तर बाकी सगळे उपाय मिळून जेवढा फरक पाडतील त्याहून जास्त फरक एकटी एसएसडी पाडते.

कारण समजून घेण्यासारखं आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, बऱ्याच लॅपटॉपमध्ये 5400 वेळा. 7200 च्या हिशेबाने एक फेरी 8.3 मिलिसेकंदांची. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि डोकं त्या जागी सरकवायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एका तुकड्याला बारा-तेरा मिलिसेकंद, सेकंदाला ऐंशीच्या आसपास तुकडे. आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली इकडून-तिकडून मागतं. सरकारी कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये एकच शिपाई असावा आणि वीस टेबलांनी एकदम फायली मागाव्यात, तशी तिची गत होते. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे ती असे हजारो तुकडे सेकंदात देते.

आपली डिस्क कुठली हे टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर डिस्कच्या नावाखाली लिहिलेलं असतं. सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं तिथे ‘100 टक्के’ असा आकडा आणि शेजारी वेग मात्र एक-दोन एमबीचा, असं दिसलं तर वर सांगितलेली कहाणी तुमच्या डोळ्यांसमोर घडतेय.

पण बदलण्याआधी ती आजारी तर नाही ना हे बघा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे संपली. पिवळा असेल तर यादीत 05, सी-5 आणि सी-6 या ओळी पाहा. 05 म्हणजे खराब झाल्यामुळे बाजूला टाकलेल्या जागा, सी-5 म्हणजे संशयास्पद जागा, सी-6 म्हणजे वाचताच न आलेल्या. हे आकडे वाढत असतील तर वेग वगैरे विसरा, त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. अशा डिस्कवर ‘चेकडिस्क’ (डिस्कमधल्या चुका तपासणारं) किंवा डिफ्रॅग (विखुरलेल्या फायलींचे तुकडे एकत्र आणणारं) आधी चालवू नका. त्या मेहनतीत ती मान टाकू शकते. सी-7 ही ओळ वेगळी आहे: ती वाढत असेल तर डिस्क नव्हे, तिची केबल खराब किंवा सैल असण्याची शक्यता जास्त. साटाची नवी केबल अगदी स्वस्तात येते.

डिस्क ठीक आहे पण सी ड्राइव्ह गच्च भरलाय, हेही एक कारण. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज इथे जाऊन टेंपररी फायली काढा. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसलं आणि मागे जायचं नसेल तर तेही काढा, बरीच जागा मोकळी होते. डाउनलोड्सवर मात्र डोळे मिटून खूण करू नका. साधारण पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असू द्या. एसएसडी डिफ्रॅग करायची नसते. विंडोज तिची निगा आपणहून राखतं.

तिसरा टप्पा: पिन टाकला, पण काम सुरू होत नाही

इथे पुन्हा टास्क मॅनेजरमधलं ‘स्टार्टअप ॲप्स’. प्रत्येक नावापुढे ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ असतो. ‘हाय’ म्हणजे त्या प्रोग्रॅमने सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कचं तीन एमबीहून जास्त काम घेतलं. एसएसडीवर तीन एमबी म्हणजे काहीच नाही, म्हणून ‘हाय’ दिसलं की दचकायचं कारण नाही. पण हार्ड डिस्कवर असे आठ-दहा जमले की झालं.

काकांच्या यादीत काय होतं ते बघा, कारण तुमच्याकडेही साधारण हेच असेल. दोन वेगवेगळ्या प्रिंटरांची मदतनीस सॉफ्टवेअर, त्यातला एक प्रिंटर केव्हाच भंगारात गेलेला. कोविडच्या काळात नातवाच्या शाळेसाठी टाकलेली मीटिंगची दोन ॲप्स. टोरेंट. पीडीएफ वाचणाऱ्याचा अपडेटर. एका गेमचा लाँचर. इंटरनेटवर फायली साठवणारं वनड्राइव्ह. कृतिदेवमध्ये हिंदी पत्रं लिहायला लागणारं टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि मराठीसाठी आणखी एक. आणि दोन अँटिव्हायरस, त्यातल्या एकाची मुदत संपलेली, जो रोज उठून पैसे मागायचा.

नावावर उजवं क्लिक, ‘डिसेबल’. याने सॉफ्टवेअर जात नाही, फक्त ते आपणहून उठणं बंद होतं. हवं तेव्हा आपण उघडू शकतो, चुकलं तर ‘एनेबल’. मीटिंग ॲप, गेम लाँचर, टोरेंट, अपडेटर, संगीताची ॲप्स: बिनधास्त बंद. प्रिंटरचं मदतनीस बंद केलं तरी छपाई सहसा चालू राहते, कारण ती ड्रायव्हरवर चालते. स्कॅनरचं बटण दाबून स्कॅन करणाऱ्यांनी मात्र एकदा करून पाहावं. विंडोज सिक्युरिटी, साउंडचं रिअलटेक, लॅपटॉपच्या टचपॅडचं, आणि रोज लागणारं टायपिंगचं सॉफ्टवेअर राहू द्या. मराठीत टायपिंग युनिकोडमध्येच करत असाल तर वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज नाही, विंडोजचा मराठी कीबोर्ड पुरे. वनड्राइव्ह बंद करण्याआधी फोटो त्यातच साठतायत का हे घरच्यांना विचारा, नाहीतर बॅकअप गुपचूप थांबेल.

दोन अँटिव्हायरस हे मात्र नुसतं डिसेबल करून भागत नाही, एक काढायलाच हवा. दोघेही प्रत्येक फाइल तपासतात, एकमेकांच्याही. विंडोजमधला डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे आणि दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो आपणहून मागे सरतो. मुदत संपलेला काढला की डिफेंडर पुन्हा चालू झालाय ना ते ‘विंडोज सिक्युरिटी’त बघून घ्या. तिथेच ‘ऑफलाइन स्कॅन’ एकदा चालवा. कुणी ओळखीच्याने ‘क्रॅक’ टाकून दिलेलं ऑफिस किंवा विंडोज असेल तर हे नक्कीच करा.

ब्राउझरचंही एक खोटं बंद होणं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ या भागात ‘क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप्स चालू ठेवा’ अशी सोय असते, ती बंद करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे मागची ॲप्स आपोआप पुन्हा उघडायची सोय आहे, तीही. कधीतरी एकत्र कुटुंबातल्या दुसऱ्या मशीनचा फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो आणि ते मशीन आता नसतंच. विंडोज तरी ते शोधत राहतं. ‘धिस पीसी’मध्ये लाल फुलीचा ड्राइव्ह दिसला तर तो डिस्कनेक्ट करा.

एवढं करूनही दाद देत नसेल तर ‘क्लीन बूट’. विंडोजची कळ आणि आर, मग ‘एमएसकॉन्फिग’ लिहून एंटर. सर्व्हिसेसच्या पानावर आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ला खूण करा. ही खूण विसरलात तर पुढच्या क्लिकने विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस बंद पडतील. मग ‘डिसेबल ऑल’, रीस्टार्ट, आणि मोजा. वेळ उतरला तर अर्ध्या सर्व्हिसेस परत चालू करा, पुन्हा मोजा. असं निम्मं-निम्मं करत गेलं की दोषी सापडतो. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हिसेस शेवटी परत चालू करायला विसरू नका. त्याच खिडकीत ‘बूट’च्या ॲडव्हान्स्डमध्ये प्रोसेसरची संख्या वाढवा असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. त्याने वेग वाढत नाही. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरतं, ती सोय उलट कमी करून तपासणीसाठी आहे. रजिस्ट्री साफ करणाऱ्यांचंही तेच: फायदा शून्य, जोखीम खरी.

रॅमचा हिशेब सोपा. सगळं सुरू झाल्यावर, काहीही न उघडता, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे आणि तिची उणीव डिस्क भरून काढतेय. चार जीबीवर आज विंडोज चालतं म्हणण्यापेक्षा रांगतं. आठ करा. त्याच पानावर किती खाचा भरल्यात आणि वेग काय ते दिसतं. डीडीआर 3 आणि डीडीआर 4 एकमेकांच्या जागी बसत नाहीत, त्यामुळे जुनी पट्टी सोबत घेऊन दुकानात जावं.

झाकण उघडायचं असेल तर

इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, पण कॅबिनेटमधला कचरा उचलायला नगर निगमची पिवळी गाडी येत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि आपल्याकडे सीपीयू टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवायची पद्धत. प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो. सकाळी बरं आणि दुपारी मंद असं मशीन दिसलं तर बहुधा हेच कारण असतं. कप्प्याचं दार काढून टाका. प्लग काढून, झाकण उघडून ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. बाल्कनीत करा हे सांगायला नकोच.

एसएसडी घ्यायची ठरलं तर आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरची दुकानं एकमेकांना लागून आहेत, दोन-तीन ठिकाणी भाव विचारता येतो. जुन्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा एसएसडी घ्या. मदरबोर्डवर एम-2 ची खाच असेल तर ती साटाची की एनव्हीएमईची (या दोन वेगळ्या जोडण्या आहेत) हे मॉडेल नंबरवरून आधी पक्कं करा. पक्क्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी साधारण तीन ते पाच वर्षांची असते. डेस्कटॉपसाठी साटा केबल वेगळी मागून घ्या, ती एसएसडीच्या डब्यात नसते.

जुनं विंडोज जसंच्या तसं उतरवायचं की कोरं टाकायचं? जुनी डिस्क निळी असेल आणि सॉफ्टवेअर पुष्कळ असेल तर क्लोन करा, क्लोनझिला फुकट आहे, जरा रुक्ष आहे एवढंच. डिस्क पिवळी असेल किंवा मशीनवर वर्षानुवर्षांचा गाळ असेल तर कोरं बरं. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं ‘मीडिया क्रिएशन टूल’ पुरतं. मूळ विंडोज अस्सल असेल तर डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे इंटरनेट जोडल्यावर ते बहुधा आपोआप ॲक्टिव्हेट होतं. म्हणजे फॉर्मॅट मारायची वेळ येते ती इथे, नव्या डिस्कवर, सगळं कळल्यानंतर.

कोऱ्याआधी काय उतरवून घ्यायचं यात लोक ठरावीक गोष्टी विसरतात: डेस्कटॉप आणि डाउनलोड्स, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची मेलची फाइल, कृतिदेव आणि मराठीचे जुने फाँट, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर. फाँट गेले की वीस वर्षांच्या चिठ्ठ्या-पत्रिकांची अक्षरं चिनी झाल्यासारखी दिसतात, म्हणून ते आधी.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेट्स नोंदणी केल्यास 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहेत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याहून जुन्या मशीनवर पैसे घालताना हे लक्षात ठेवा. ज्यावर बँकेचं काम होत नाही, नुसती पत्रं आणि भजनं, तिथे एसएसडी घालून विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट टाकलं तरी छान चालतं, मराठी टायपिंगही होतं.

दुकानात बसवून घेतलंत तर जुनी हार्ड डिस्क परत मागून घ्या. ‘वो तो पुरानी है, छोड दो’ म्हणतील, सोडू नका, तुमचं सगळं घर तिच्यात आहे. निळी असेल तर यूएसबीच्या केसमध्ये घालून बॅकअपला ठेवा, पण कायम खोचून नको. पिवळी किंवा लाल असेल तर फोटो काढून घ्या, आणि भंगारवाल्याला देण्याआधी तबकडीला खिळ्याने आरपार भोक पाडा. लॅपटॉपच्या काही डिस्कची तबकडी काचेची असते, तेव्हा कापडात गुंडाळूनच.